आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा : जाडजूड फायलीपेक्षा फॉर्मकडे लक्ष द्या

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत स्थिरावली की वर्ष-दोन वर्षांत विषय निघतोच : "आता तुम्ही या इकडे." आणि तो निघाला की सोसायटीत, सकाळी फिरायला जाणाऱ्यांत, लग्नाच्या पंगतीत सल्ले सुरू होतात. एक जण म्हणतो, एफडीच्या सगळ्या पावत्या न्या. दुसरा म्हणतो, घराचं व्हॅल्युएशन करून घ्या, सीएकडून प्रमाणपत्र आणा. तिसऱ्याला ठाम माहीत असतं की अमुक नंबरच्या खिडकीवर गेलात तर व्हिसा नाकारलाच म्हणून समजा. मग आई-बाबा महिनाभर झेरॉक्सच्या दुकानात, आणि ज्यावर खरा निर्णय होतो तो फॉर्म मात्र मुलाने तिकडे रात्री अकराला, ऑफिसचं काम संपवून, घाईघाईत भरलेला.

नात्यातल्या, ओळखीच्या बऱ्याच जणांचे फॉर्म भरून देताना जे दिसलं त्यावरून सांगतो, हे अगदी उलटं आहे. खिडकीवरची मुलाखत दोन-तीन मिनिटांची. त्या वेळात कोणी तुमची फाइल चाळत बसत नाही. अधिकाऱ्याच्या समोर स्क्रीनवर तुमचा डीएस-१६०, म्हणजे व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म उघडा असतो आणि समोर तुम्ही असता. या दोन गोष्टी एकमेकींशी जुळल्या, की काम झालं. म्हणून या लेखात फॉर्मवर सगळ्यात जास्त जागा खर्च केली आहे.

कुठला व्हिसा, कुठून

मुलांकडे राहायला, फिरायला, पदवीदान समारंभाला, मुलीच्या बाळंतपणाला जायचं तर बी-२ व्हिसा लागतो. तो व्यवसाय भेटीच्या बी-१ सोबत एकत्रच मिळतो, म्हणून सगळे त्याला बी-१/बी-२ म्हणतात. भारतीयांना तो साधारणपणे दहा वर्षांचा आणि कितीही वेळा जाता येईल असा मिळतो. या व्हिसावर पगारी काम करता येत नाही आणि पदवीसाठी शिक्षणही घेता येत नाही.

अमेरिकेची मुंबईतली कचेरी, म्हणजे वाणिज्य दूतावास, २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात, जी ब्लॉकमध्ये आहे. त्याआधी ती ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊसमध्ये होती, आणि जुनी मंडळी अजूनही तिकडच्या फुटपाथवरच्या रांगेच्या आठवणी सांगतात. भारतात मुलाखत दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता या पाच ठिकाणी होते. यातली कुठलीही जागा तुम्हाला निवडता येते, महाराष्ट्रात राहता म्हणून मुंबईच घ्यावी असं बंधन नाही. नांदेड, लातूर, सोलापूरकडच्या लोकांना हैदराबाद सोयीचं पडतं. फक्त आईला मराठीतच बोलायचं असेल तर मुंबई घ्या. तिथे इंग्रजी, हिंदी, गुजरातीबरोबर मराठीतूनही मुलाखत देता येते.

एक वाट आता बंद झाली आहे. इथे तारीख मिळत नाही म्हणून दुबईला किंवा बँकॉकला जाऊन मुलाखत देणारे बरेच होते. सप्टेंबर २०२५ पासून पर्यटक व्हिसासाठी आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच अर्ज करायचा, असा नियम आहे.

पासपोर्ट आधी नीट उघडून बघा

पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने उरलेली असावी. वर्षभरात संपणार असेल तर सरळ आधी नूतनीकरण करा, मग अर्जाला हात घाला.

त्याहून महत्त्वाचं, नाव कसं छापलंय ते बघा. आपल्याकडे पहिलं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव. पासपोर्टवर आडनावाची ओळ वेगळी असते आणि बाकीची दोन नावं 'गिव्हन नेम'च्या ओळीत एकत्र असतात. फॉर्ममध्येही अगदी तसंच लिहायचं. मधलं नाव गाळायचं नाही, त्याचं आद्याक्षर करायचं नाही आणि तिकिटाच्या वेळी वेगळं काही लिहायचं नाही. काही जुन्या पासपोर्टांवर आडनावाची जागा कोरीच असते आणि तिन्ही नावं एका ओळीत. अशा वेळी ती सगळी नावं आडनावाच्या रकान्यात जातात आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' लिहावं लागतं, म्हणजे पहिलं नाव उपलब्ध नाही. मग व्हिसावर, तिकिटावर, सगळीकडे ते एफएनयू मागे लागतं. वेळ हातात असेल तर पासपोर्टच दुरुस्त करून घेतलेला बरा.

डीएस-१६० : इथे दोन संध्याकाळी द्या

फॉर्म अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या सीईएसी या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो आणि तो भरायला पैसे पडत नाहीत. "डीएस-१६० फी" म्हणून कोणी पैसे मागत असेल तर तुम्ही खोट्या संकेतस्थळावर आहात किंवा एजंटाच्या. प्रत्येक माणसाचा फॉर्म वेगळा, नवरा-बायकोचेही दोन.

सुरुवातीला ठिकाण निवडलं की एक अर्ज क्रमांक मिळतो आणि एक गुप्त प्रश्न निवडायला सांगतात. हा क्रमांक आणि प्रश्नाचं उत्तर लगेच वहीत लिहून ठेवा. वीसेक मिनिटं हात लावला नाही तर पान बंद पडतं, आणि पुन्हा आत जायला हाच क्रमांक, आडनावाची पहिली पाच अक्षरं, जन्मवर्ष आणि ते उत्तर लागतं. दर पानाला 'सेव्ह' दाबत चला. अर्धवट अर्ज तीस दिवस राहतो.

उत्तरं सगळी इंग्रजीत द्यायची. अपवाद एकच : मातृलिपीतलं पूर्ण नाव. तिथे देवनागरीत लिहिता येतं. त्याच्या जवळच 'टेलिकोड' आहे का, असा प्रश्न येतो आणि तिथेच अर्ध्या लोकांचा फोन येतो. टेलिकोड म्हणजे चिनी अक्षरांना दिलेले आकडे. आपल्याला लागू नाही, 'नो' करा आणि पुढे जा. 'पासपोर्ट बुक नंबर'चंही तसंच. भारतीय पासपोर्टला तो नसतो. पासपोर्टचा नेहमीचा क्रमांक त्याच्या वरच्या रकान्यात जातो.

'दुसरी नावं वापरली आहेत का' या प्रश्नावर आयांनी थांबायचं. माहेरचं नाव इथे लिहायचं असतं. लग्नात पहिलं नावही बदललं असेल तर तेही. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं, हे आपल्या घरोघरी आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. लिहून टाका. आई-वडिलांच्या जन्मतारखाही विचारतात. आजी-आजोबांच्या पिढीची तारीख कोणालाच माहीत नसते. तिथे 'माहीत नाही'चा चौकोन आहे, तो वापरा, अंदाजपंचे तारीख ठोकू नका. विधवा किंवा विधुर असाल तर दिवंगत जोडीदाराचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव विचारलं जातं. ते कागद आधी शोधून ठेवा.

प्रवासाच्या पानावर तिकीट काढलेलं नसेल तर 'ठरलेला कार्यक्रम' नाही म्हणून सांगता येतं आणि फक्त अंदाजे तारीख आणि मुक्काम लिहायचा असतो. तिकीट काढूच नका, व्हिसा हातात पडेपर्यंत. मुक्काम किती लिहावा यावर घराघरात वाद होतात. माझं मत साधं आहे : जितकं राहणार तितकंच लिहा. तीन महिने राहायचं मनात आहे आणि फॉर्ममध्ये तीन आठवडे लिहिलेत, तर खिडकीवर एकदा तरी जीभ घसरणारच. तीन महिने ही आई-बाबांसाठी पूर्णपणे नेहमीची मुदत आहे. अधिकारी दिवसभर तीच ऐकत असतो.

खर्च कोण करणार? मुलगा करणार असेल तर मुलाचं नाव. बाबा पेन्शनमधून तिकीट काढणार असतील तर 'सेल्फ'. इथे जे लिहाल तेच तोंडाने सांगायचं आहे, एवढं लक्षात ठेवा.

आता या फॉर्ममधले तीन प्रश्न, ज्यात चूक झाली तर महागात पडते.

पहिला, अमेरिकेत जवळचे नातेवाईक कोण आणि त्यांचा दर्जा काय. मुलगा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल तर तो 'नॉन-इमिग्रंट', म्हणजे कायम रहिवासी नसलेला. ग्रीन कार्डासाठी अर्ज केलाय, कंपनीने त्यासाठी भरलेलं आय-१४० मंजूर झालंय, तरी कार्ड हातात येईपर्यंत कायम रहिवासी नाही. पण फक्त त्याच एका मुलाचं नाव लिहून थांबू नका. तिकडे धाकटी बहीण, भाऊ असतील तर तेही येतात. "सगळेच तिकडे आहेत असं दिसलं तर व्हिसा देणार नाहीत" म्हणून नावं गाळणारे लोक मी बघितलेत. पण अधिकाऱ्यांकडे ती माहिती इतर अर्जांतून असतेच.

दुसरा, तुमच्या नावाने कोणी इमिग्रंट पिटिशन, म्हणजे तिकडे कायमचं राहण्यासाठीचा अर्ज, भरली आहे का. मुलगा नागरिक झाला आणि त्याने आई-वडिलांसाठी आय-१३० भरला असेल, किंवा भावाने वीस वर्षांपूर्वी भावंडांच्या वर्गात अर्ज केला असेल, तर उत्तर 'हो'. आई-बाबांना अशा जुन्या अर्जाची आठवणही नसते. घरात विचारून घ्या.

तिसरा, कधी व्हिसा नाकारला गेलाय का. वीस वर्षांपूर्वीचा नकारही नकारच, कागद हरवला तरी. 'नाही' लिहिलं आणि त्यांच्या नोंदीत निघालं, तर मूळ नकारापेक्षा ते खोटं जास्त जड जातं. जाणूनबुजून चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर कायमची बंदी येऊ शकते.

कामाच्या पानावर निवृत्त असाल तर 'रिटायर्ड', गृहिणी असाल तर 'होममेकर', शेती असेल तर शेतीचाही पर्याय आहे. निवृत्तांनी आधीच्या नोकरीची माहिती व्यवस्थित भरा : खातं, हुद्दा, काय काम करत होता. "सरकारी नोकरी" एवढंच लिहिण्यापेक्षा जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक, तीस वर्षं गणित शिकवलं, असं लिहिलं की त्या अधिकाऱ्यासमोर एक माणूस उभा राहतो.

त्याच पानाच्या आसपास 'तुम्ही कुठल्या क्लॅन किंवा ट्राइबचे आहात का' असं विचारतात आणि बाबा फोनवर विचारतात, गोत्र लिहू का? नाही. हा प्रश्न जातीचाही नाही आणि कुळाचाही नाही. बहुतेकांचं उत्तर 'नो' असतं. सामाजिक, धर्मादाय संस्थांचा प्रश्न मात्र खरा आहे. रोटरी, ज्येष्ठ नागरिक संघ, एखादा ट्रस्ट, जिथे तुम्ही सभासद आहात किंवा काम करता, ती नावं लिहा. गल्लीतल्या गणपतीच्या वर्गणीपर्यंत जायची गरज नाही.

समाजमाध्यमांवरची पाच वर्षांतली खाती विचारतात. आईचं फेसबुक असेल, बाबांचं यूट्यूब असेल, तर ते खात्याचं नाव लिहायचं. पासवर्ड कोणी मागत नाही, आणि मागितला तर देऊ नका.

शेवटी सुरक्षेची पानं येतात. दहशतवाद, नरसंहार, वेश्याव्यवसाय, मनुष्यतस्करी. सत्तरीतल्या बाईंना हे वाचून दाखवताना हसू आवरत नाही, पण एकेक वाचूनच 'नो' करा. घाईत एखादा 'येस' दाबला गेला तर तो निस्तरत बसावा लागतो.

फोटो दोन बाय दोन इंच, मागे पांढरी भिंत, सहा महिन्यांच्या आतला, चष्म्याशिवाय. चष्म्याला २०१६ पासूनच बंदी आहे, तरी फोटोवाला विसरतो.

सही करायच्या पानावर 'कोणी मदत केली का' असं विचारतात. मुलाने, सुनेने किंवा शेजाऱ्याने भरला असेल तर 'हो' आणि त्याचं नाव. यात काहीही कमीपणा नाही. मात्र 'साइन अँड सबमिट'चं बटण अर्जदाराने स्वतः दाबायचं असतं. त्याआधी मुलाने आई-बाबांना एक संपूर्ण फॉर्म मराठीतून मोठ्याने वाचून दाखवावा. हे अर्ध्या तासाचं काम बहुतेक घरांत होत नाही. मग खिडकीवर विचारतात, "मुलगा कुठल्या कंपनीत आहे?" आणि बाबा म्हणतात, "कम्प्युटरमध्ये."

पाठवल्यानंतर बारकोड असलेलं पान येतं, त्याची छापील प्रत काढा. फॉर्म पाठवला की त्यात बदल होत नाही. चूक सापडली तर जुन्या अर्ज क्रमांकावरून नवा फॉर्म तयार करता येतो, सगळं पुन्हा भरावं लागत नाही. पण त्याला नवा बारकोड मिळतो, आणि अपॉइंटमेंटच्या प्रोफाइलमध्ये तो बदलणं तुमचं काम. बारकोड जुळला नाही तर मुलाखत न घेता परत पाठवतात. त्यामुळे अशा दुरुस्त्या आदल्या रात्री करायच्या नाहीत.

पैसे आणि तारीख

फॉर्म झाला की युएसव्हिसाशेड्युलिंग डॉट कॉम या संकेतस्थळावर प्रोफाइल करायचं. आई आणि बाबा एकाच प्रोफाइलमध्ये घ्या, म्हणजे एकत्र तारीख मिळते आणि खिडकीवरही एकत्र उभे राहता येतं. यात फायदाच आहे.

अर्जाची फी जून २०२३ पासून माणशी १८५ डॉलर आहे, रुपयांत कचेरीने ठरवलेल्या दराने भरायची. बाजारातला दर वेगळा असतो. व्हिसा मिळो न मिळो, ती परत मिळत नाही. भरल्यापासून ३६५ दिवसांत तारीख घ्यावी लागते. जुलै २०२५ मधल्या कायद्यात आणखी २५० डॉलरच्या 'व्हिसा इंटिग्रिटी फी'ची तरतूद झाली आहे. ती तुम्हाला लागू होते का, ते पैसे भरायच्या दिवशी अधिकृत पानावरच बघा, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पोस्टवर नाही.

तारखा दोन लागतात : आधी व्हिसा अर्ज केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो, नंतर कचेरीत मुलाखत. मुंबईची प्रतीक्षा कधी दोन-तीन महिने तर कधी भलतीच लांबते. २०२२ च्या अखेरीस ती ५०० दिवसांच्या पुढे गेली होती. म्हणून जूनमध्ये नातवाच्या बारशाला जायचं असेल तर आदल्या वर्षीच तयारीला लागा. सुरुवातीला मिळेल ती तारीख पकडायची आणि मग अधूनमधून आधीची सुटते का ते बघायचं, हा प्रकार पूर्वी मनसोक्त चालायचा. २०२५ पासून तारीख एकदाच फुकट बदलता येते, त्यानंतर नव्याने फी. त्यामुळे ती एक संधी जपून वापरा. आणि दर पाच मिनिटांनी पान ताजं करू नका, खातं काही काळ बंद पडतं.

"आम्ही लवकरची तारीख काढून देतो" म्हणणारे एजंट तुमचं लॉगिन मागतात आणि बॉट, म्हणजे आपोआप तारखा पकडणारे प्रोग्रॅम, लावतात. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या भारतातल्या दूतावासाने बॉटने घेतलेल्या सुमारे २,००० अपॉइंटमेंट एका झटक्यात रद्द केल्या आणि ती खाती गोठवली. त्यात भरडले गेले ते अर्जदार, एजंट नाहीत.

जुना व्हिसा असलेल्यांनी लक्ष द्या. ड्रॉपबॉक्सची, म्हणजे मुलाखतीशिवाय नूतनीकरणाची सोय आता खूप आक्रसली आहे. सप्टेंबर २०२५ पासून बी-१/बी-२ साठी ती फक्त त्यांना, ज्यांचा पूर्ण मुदतीचा व्हिसा संपून बारा महिने झालेले नाहीत आणि तो मिळाला तेव्हा ज्यांचं वय किमान अठरा होतं. त्यातही अधिकारी मुलाखतीला बोलावू शकतो. ऐंशीच्या आजींना मुलाखत लागत नाही हे पूर्वी खरं होतं, आता नाही.

ठशांचा दिवस

हा सोपा दिवस. पासपोर्ट, डीएस-१६० चं बारकोडचं पान, अपॉइंटमेंटचं पत्र. दहा बोटांचे ठसे, एक फोटो, संपलं. अर्ज केंद्र आणि कचेरी या वेगवेगळ्या इमारती आहेत. रिक्षावाल्याला नुसतं "अमेरिकन एम्बसी" सांगितलंत तर तो कचेरीसमोर सोडेल, म्हणून पत्रावरचा पत्ता दाखवा. शेतीत, स्वयंपाकात आयुष्य गेलेल्या हातांचे ठसे पुसट उमटतात. आदल्या रात्री हाताला खोबरेल तेल किंवा क्रीम चोळून, सकाळी हात स्वच्छ धुवून जावं. मेंदी मात्र त्या आठवड्यात नको.

मुलाखतीचा दिवस

मोबाइल, स्मार्ट घड्याळ, इअरफोन, पॉवर बँक, मोठी बॅग, यातलं काही आत नेता येत नाही आणि कचेरीत सामान ठेवायची सोय नाही. बाहेर पैसे घेऊन मोबाइल सांभाळणारे भेटतात, पण पासपोर्टइतकाच जपून ठेवायचा फोन अनोळखी माणसाच्या पिशवीत का द्या? सोबत आलेल्या नातेवाइकाकडे द्या किंवा घरीच ठेवा आणि एका चिठ्ठीवर दोन नंबर लिहून खिशात ठेवा. मुलगा-सून सुट्टीवर इथे आलेले असले तरी त्यांना सहसा आत सोडत नाहीत. पुण्याहून येणाऱ्यांनी सकाळची वेळ असेल तर आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करावा. एक्स्प्रेसवेवर एक ट्रक आडवा झाला की सगळं गणित बिघडतं.

कागद पारदर्शक प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. वर चालू पासपोर्ट, जुने सगळे पासपोर्ट, बारकोडचं पान, अपॉइंटमेंटचं पत्र. खाली, मागितलंच तर : पेन्शनचा कागद किंवा आयकर विवरण, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, सातबारा किंवा घराचा इंडेक्स टू, मुलाच्या पासपोर्ट-व्हिसाची प्रत, त्याचं आय-७९७ (एच-१बी मंजुरीचा कागद) आणि नोकरीचं पत्र. एवढं पुरे. मुलाने खर्चाची हमी देणारं आय-१३४ प्रतिज्ञापत्र पाठवायलाच हवं असं बरेच जण सांगतात. या व्हिसासाठी ते सक्तीचं नाही, निमंत्रणपत्रही नाही. आणि महिनाभरापूर्वी कोणाकडून तरी आणून खात्यात टाकलेले पाच लाख कोणावर छाप पाडत नाहीत, उलट प्रश्न उभे करतात.

आत सुरक्षा तपासणी, कागदांची पाहणी, ठशांची पडताळणी आणि मग खिडकीची रांग. काचेपलीकडून आवाज माइकवरून येतो, त्यामुळे ऐकायला कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावूनच जा आणि नीट ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारायला सांगा. मराठीत बोलायचं असेल तर पहिल्याच वाक्याला सांगा. मोडक्या इंग्रजीत चुकीचं उत्तर देण्यापेक्षा हे शंभरपट बरं.

संभाषण साधारण असं होतं :

"कशासाठी जाताय?"
"मुलीकडे. ऑगस्टमध्ये तिचं बाळंतपण आहे."
"मुलगी काय करते?"
"ऑस्टिनला एका बँकेत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एच-१बी वर, पाच वर्षं झाली."
"किती दिवस राहणार?"
"तीन महिने. दिवाळीला परत यायचंय, धाकटा मुलगा इथे आमच्याजवळ असतो."
"तुम्ही काय करता?"
"मी शिक्षिका होते, आता पेन्शन आहे. हे पोस्टात होते."

यात काय आहे ते बघा. प्रत्येक उत्तर एका-दोन वाक्यांचं, विचारलं तेवढंच. परत येण्याचं कारण भाषण न करता सहज आलंय. बाळंतपणाला जाणं हे लपवायचं कारण नाही, आईने मुलीजवळ असणं कोणालाही कळतं. पण "नातवाला सांभाळायला जाते, डे-केअर फार महाग आहे हो," असं म्हटलं की ते कामासारखं ऐकू येतं, आणि तसं असेल तर मुळात तो बेतच तपासून घ्या.

पाठ करून गेलेली उत्तरं लगेच ओळखू येतात. एकच क्लास लावलेले दहा जण एकापाठोपाठ "आय हॅव स्ट्राँग टाइज टू माय होम कंट्री" म्हणाले तर त्या अधिकाऱ्याने काय करावं? नवरा-बायको एकत्र असाल तर बायकोला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नवऱ्याने देऊ नये. आपल्याकडे ही सवय फार आहे.

तीन निकाल

मंजूर झालं तर पासपोर्ट ठेवून घेतात आणि तसं सांगतात. काही दिवसांनी प्रोफाइलमध्ये निवडलेल्या ठिकाणाहून तो घ्यायचा, किंवा जादा पैसे भरून घरपोच मागवायचा. हातात आल्याबरोबर व्हिसावरचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक अक्षर-अक्षर तपासा.

नाकारलं तर पासपोर्ट तिथेच परत, सोबत एक छापील कागद, बहुतेक वेळा कलम २१४(बी) चा. अमेरिकेचा कायदा असं धरूनच चालतो की व्हिसा मागणारा प्रत्येक जण तिथे कायमचा राहायला निघालाय. तसं नाही हे दाखवायची जबाबदारी अर्जदाराची, आणि ती पटली नाही असा त्याचा अर्थ. याच्यावर अपील नाही. पुन्हा अर्ज कधीही करता येतो, नव्या फीसह. पण पुढच्या महिन्यात तोच फॉर्म, तीच उत्तरं घेऊन गेलात तर निकालही तोच येण्याची शक्यता जास्त. आधी जुना फॉर्म काढून शांतपणे वाचा : काही चुकलं, काही अर्धवट होतं का? परिस्थिती बदलली का? खासदाराचं पत्र, ओळखीपाळखी यांचा इथे उपयोग होत नाही.

तिसरा प्रकार २२१(जी). म्हणजे एखादा कागद कमी आहे किंवा आणखी पडताळणी व्हायची आहे. दिलेल्या कागदावर काय करायचं ते लिहिलेलं असतं, तेवढंच करायचं. या काळात संकेतस्थळावर 'रिफ्यूज्ड' असं दिसतं आणि घरात रडारड होते. पडताळणी चालू असतानाही ते तसंच दिसतं. कधी आठवडा लागतो, कधी काही महिने, त्यामुळे तिकीट अजूनही काढायचं नाही.

तिकडे उतरल्यावर

दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षांत कधीही विमानतळावर जाऊन उभं राहायची परवानगी. किती दिवस राहायचं ते तिथला अधिकारी ठरवतो, सहसा सहा महिने. ती तारीख आय-९४ या नोंदीत असते आणि ऑनलाइन बघता येते. पोहोचल्यावर दोन-तीन दिवसांत मुलाने ती उघडून बघावी आणि पानाची प्रत जपून ठेवावी. त्या तारखेच्या एक दिवसही पुढे राहिलात तर हातातला दहा वर्षांचा व्हिसा बाद होतो, आणि त्या तारखेनंतर १८० दिवसांहून जास्त राहून बाहेर पडलात तर तीन वर्षांची बंदी. आजारपणामुळे खरंच थांबावं लागलं तर तारीख संपण्याआधी आय-५३९ भरून मुदत वाढवून मागता येते. सहा महिने मिळाले म्हणून दर वर्षी सहा महिने राहायचं, ही सवय मात्र टाळा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला विमानतळावर "तुम्ही इथेच राहता का?" असं विचारतात, आणि ते विचारणं बरोबरच असतं.

इथली मेडिक्लेम तिकडे सहसा चालत नाही. प्रवास विमा घेताना बीपी, मधुमेह, बायपास यांसारखे जुने आजार कितपत धरलेत, ते दलालाच्या तोंडी शब्दावर न ठेवता पॉलिसीत वाचा. बऱ्याच पॉलिसींत जुन्या आजाराचा फक्त अचानक झालेला तीव्र त्रासच धरतात, तोही ठरावीक रकमेपर्यंत. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या.

मधल्या काळात पासपोर्ट संपला तर घाबरू नका. पासपोर्ट कार्यालयात नवा घेताना जुन्यातला व्हिसा चालू आहे हे सांगा. व्हिसाच्या पानाला धक्का न लागता जुना पासपोर्ट परत मिळतो, आणि व्हिसाची मुदत असेपर्यंत दोन्ही पासपोर्ट सोबत घेऊन प्रवास करता येतो. फक्त जुना पासपोर्ट चेक-इनच्या बॅगेत टाकू नका.